अपील बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

या वीकेंडला खरं तर वेगळ्याच विषयावर लिहायचं होतं. अर्धं लिहूनही झालं होतं. पण दिवाळीत गावी जाऊन आल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय आणि ती लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. विषय गोड नाही आणि लेख लांबलाय, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या आळीत तात्या राहतात. (नाव बदललंय. गाव, तालुका मुद्दाम सांगत नाही. पीडित मुलीची ओळख पटेल असं काही छापू नये असा कायदा आहे, आणि नसता तरी सांगितलं नसतं.) तात्यांची मुलगी शाळेत असताना तिच्यावर अत्याचार झाला. केस उभी राहिली. पोरगी कोर्टात गेली, उलटतपासणीत उभी राहिली आणि जे घडलं ते सांगितलं. २०१९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या माणसाला दहा वर्षांची शिक्षा दिली. त्या दिवशी तात्या बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले असं आई सांगते.

तर या दिवाळीत तात्या घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग एकदम म्हणाले,

"आरं, तू कॉम्प्युटरातला. मला येक सांग. जजसायबानं धा वर्सं दिली हुती ना? मग ह्यो यष्टी स्टँडवर च्या कसा पितोय?"

मला वाटलं तात्यांचा काहीतरी गैरसमज झालाय. मोबाईल काढला, ई-कोर्टाची साईट उघडली, केस नंबरवरून शोधत शोधत गेलो. गैरसमज नव्हता. अपील २०१९ मध्येच दाखल झालेलं. शिक्षेला स्थगिती आणि जामीन २०२१ मध्ये. आणि मूळ अपिलाची अवस्था: दाखल करून घेतलं, अंतिम सुनावणी बाकी, पुढची तारीख रिकामी. म्हणजे चार वर्षं तो माणूस बाहेर होता. तालुक्याच्या गावी राहत होता म्हणून दिसला नव्हता, इतकंच. आणि तात्यांना हे कुणीही सांगितलं नव्हतं. वकिलाने नाही, पोलिसाने नाही, कोर्टाने नाही. चहाच्या टपरीने सांगितलं.

मी त्यांना अपील म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठताना म्हणाले, "म्हंजी आमचा निकाल लागलाच न्हाई म्हन की."

पुण्याला परत आल्यावर ऑफिसात जेवताना हे सांगितलं. (अर्थात नावगाव न सांगता.) आमच्या टेबलावर आठ माणसं असतात आणि आठांचं एकमत झालं, जे आमच्या टीममध्ये व्हेरिएबलच्या नावावरसुद्धा होत नाही. "अशा केसमध्ये अपील द्यायचंच कशाला? एकदा दोषी ठरला की झालं. चौकात लटकवा."

मंडळी, हा लेख त्या आठ जणांसाठी आहे. आणि त्यातला नववा मी आहे, म्हणून माझ्यासाठीही.

कारण ६ डिसेंबर २०१९ ला मी काय केलं होतं ते मला चांगलं आठवतंय. हैदराबादजवळ एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिला जाळलं होतं. चार आरोपी पकडले होते. त्या सकाळी बातमी आली की चौघेही पोलिसांच्या गोळीबारात मेले. ऑफिसात कुणीतरी जिलबी आणली. मी खाल्ली. वर "याला म्हणतात न्याय" असा मेसेज चार ग्रुपवर ढकलला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आयोग नेमला. अध्यक्ष होते न्या. विकास सिरपूरकर, नागपुरात वकिली केलेला आपलाच माणूस. अहवाल मे २०२२ मध्ये लोकांसमोर आला. निष्कर्ष काय? पोलिसांची हकिकत विश्वास ठेवण्यासारखी नाही, गोळ्या ठार मारण्याच्याच हेतूने झाडल्या, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. ते चौघे गुन्हेगार होते का? असतीलही. पण आता ते कोर्टात कधीच सिद्ध होणार नाही. त्या मुलीच्या आईबापाच्या हातात आज निकालपत्र नाही, फक्त चार प्रेतांचे फोटो आहेत. आणि मी जिलबी खाल्ली होती. असो.

"पण ते एन्काउंटर होतं. कोर्टात दोषी ठरलेल्याचं काय?" हा पुढचा प्रश्न. रास्त आहे. तर आता आपल्या महाराष्ट्रातलीच एक केस घ्या.

जून २००३. एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच खून, आणि घरातल्या बायकांवर सामूहिक बलात्कार. भटक्या जमातीतली सहा माणसं पकडली गेली. वाचलेल्या आईने कोर्टात त्यांना ओळखलं. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सरकार शिक्षा वाढवून मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २००९ ला निकाल आला: सहाही जणांना फाशी.

तीन कोर्टं झाली. तिन्ही कोर्टांनी दोषी धरलं. आमच्या टेबलाच्या हिशोबाने आता शंकेला जागाच नाही, बरोबर?

नंतर प्रकरण पुन्हा उघडलं. ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. कारण काय? घटनेनंतर दोनच दिवसांनी त्या आईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा आल्बम दाखवला होता. तिने चार जण ओळखले होते. ते चार जण वेगळेच होते! त्या चौघांचा धड तपास झाला नाही आणि ही गोष्ट सरकारी पक्षाने कोर्टापुढे नीट आणलीच नाही. सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे फाशी झाल्यावर कधीतरी बाहेर आलं.

सोळा वर्षं. आता विचार करा, २००९ नंतर पुढची पायरीच नसती तर? सहा निरपराध माणसं लटकली असती आणि आपण पेढे वाटले असते. आणि त्या आईचं काय? तिच्या घरच्यांना मारणारे कोण होते? त्यांच्यापैकी एकालाही शिक्षा झालेली नाही. चुकीच्या माणसाला घाईने लटकवणं म्हणजे खऱ्या गुन्हेगाराची सुटका, हे साधं गणित आपल्या डोक्यात का शिरत नाही? आरोपीचं अपील हा फक्त आरोपीचा फायदा आहे असं आपण धरून चालतो. त्या आईला विचारा.

आता माझ्याच विरुद्ध बोलतो. अपिलात नेहमी न्यायच होतो असं मी मुळीच म्हणत नाही. होत नाही. बायकांच्या बाबतीत तर कितीदा उलटंच झालंय.

मथुरा खटला आठवा. २६ मार्च १९७२, देसाईगंजची पोलीस चौकी, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. आदिवासी मुलगी आणि चौकीतले दोन पोलीस. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. अपिलात नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, एकाला पाच वर्षं, एकाला एक वर्ष. पुढच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांना परत सोडलं. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार! पोलीस चौकीत, रात्री, दार लावून घेतलेलं असताना.

किंवा अगदी अलीकडचं घ्या. नागपूरच्याच एका केसमध्ये बारा वर्षांच्या मुलीच्या छातीला हात लावणाऱ्याला पोक्सोखाली तीन वर्षांची शिक्षा झाली होती. तो अपिलात गेला. १९ जानेवारी २०२१ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठरवलं की हात कपड्यांवरून लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, सबब पोक्सोचा लैंगिक हल्ला होत नाही. शिक्षा तीनावरून एक वर्षावर आली.

मग आमचा टेबलावरचा मित्र म्हणतो, "बघ! म्हणूनच म्हणतो, अपील नको."

थांब मित्रा. पुढे काय झालं ते वाच. नागपूरच्या त्या निकालाविरुद्ध देशाचे ॲटर्नी जनरल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय महिला आयोग गेला, महाराष्ट्र सरकारही गेलं. आठवड्याभरात स्थगिती मिळाली आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो अर्थच मोडीत निघाला. हेतू महत्त्वाचा, कापड नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आणि तीन वर्षांची शिक्षा परत आली. ती चूक कशाने सुधारली? अपिलानेच ना?

मथुरा खटल्यात तर वर जायला पायरीच उरली नव्हती. तरी १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि त्या निकालाची ओळ न् ओळ सोलून काढली. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने संमती नव्हती असंच धरून चालायचं.

मुद्दा लक्षात येतोय का? त्या चौघांना सोलून काढायला काहीतरी हातात होतं. निकालपत्र होतं. कोर्ट चुकलं तरी का चुकलं ते त्याला लिहून ठेवावं लागतं, खाली सही करावी लागते, आणि मग कुणीही माणूस उठून त्यावर बोट ठेवू शकतो. हैदराबादच्या गोळ्यांना कारण लिहावं लागलं नाही. ते शोधायला आयोग बसवावा लागला. जिथे कारण लिहिलेलं असतं तिथे चूक सापडते. आम्ही प्रोग्रॅमर लोक लॉग नसलेल्या सिस्टिमला हात लावायला घाबरतो आणि माणसाच्या गळ्यात दोर अडकवताना मात्र म्हणतो, लॉग कशाला हवा?

बरं, मग तात्यांचं काय? हे सगळं तात्यांना सांगायचं आणि म्हणायचं, त्याला चहा पिऊ द्या?

नाही. तात्यांचा राग शंभर टक्के बरोबर आहे. फक्त त्याचा पत्ता चुकतोय. राग यायला हवा तो अपिलाचा नाही, अपील पडून राहण्याचा.

२०१८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत एक पोटकलम घातलं गेलं, ३७४(४). बलात्काराच्या शिक्षेविरुद्धचं अपील दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढायचं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात हेच कलम ४१५(४) म्हणून आलंय. वाचून पाहा, दोन ओळींचं आहे. सहा महिने! तात्यांच्या केसचं अपील हे कलम आल्यानंतरचं आहे आणि सहा वर्षं उलटून गेली. सहा महिन्यांत नाही झालं तर काय? काहीच नाही. त्याबद्दल कलम गप्प आहे. आमच्याकडे याला म्हणतात रिक्वायरमेंट लिहिली, टेस्ट केस लिहिलीच नाही.

आणि मधल्या काळात काय होतं ते नीट बघा. अपिलाचा नंबर लवकर लागणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग आरोपीचा वकील म्हणतो, साहेब, सुनावणी होईपर्यंत माझ्या अशिलाची शिक्षाच भोगून संपेल, आणि तो निर्दोष ठरला तर ती वर्षं कोण परत देणार? हा युक्तिवाद खोटा नाही, म्हणूनच तो चालतो. शिक्षेला स्थगिती मिळते, जामीन मिळतो. म्हणजे उशीर आधी होतो आणि त्या उशिराच्या जोरावर माणूस बाहेर येतो. तात्यांना जो स्टँडवर दिसला तो अपिलाच्या हक्काने बाहेर नव्हता. आपल्या सगळ्यांच्या आळसाने बाहेर होता.

दुसरी बाजू बघायची? उत्तर प्रदेशात ललितपूर जिल्ह्यात एका माणसाला २००० साली बलात्काराच्या आरोपाखाली पकडलं. २००३ मध्ये जन्मठेप झाली. गरीब माणूस, अपील तुरुंगातूनच पाठवलेलं. ते अपील तांत्रिक त्रुटी आहेत म्हणून सोळा वर्षं तसंच पडून राहिलं. सोळा! २८ जानेवारी २०२१ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. बाहेर आला तेव्हा आईवडील गेलेले होते. आमच्या कंपनीत एखादा डिफेक्ट तीन दिवस कुणी उघडला नाही तर माझ्या मॅनेजरच्या मॅनेजरला मेल जातो. इथे एका माणसाचं अख्खं तारुण्य डिफेक्ट म्हणून फडताळात पडून होतं.

म्हणजे बघा, तोच एक उशीर. दोषी माणसाला तो स्टँडवर चहा पाजतो, निर्दोष माणसाला वीस वर्षं आत ठेवतो, आणि मुलीला सांगतो की तुझा निकाल अजून लागलेला नाही. या उशिराने नुकसान फक्त एकाचंच होत नाही, जो खरोखर गुन्हेगार आहे त्याचं.

आणि मनात आणलं तर काम होतं, हेही दिसलेलं आहे. निर्भया खटल्यात १३ सप्टेंबर २०१३ ला फाशी सुनावली आणि १३ मार्च २०१४ ला उच्च न्यायालयाचा निकाल आलाही. बरोबर सहा महिने. कारण सगळा देश बघत होता. पुढे सर्वोच्च न्यायालयात तीन वर्षं गेली. ५ मे २०१७ ला फाशी कायम झाली आणि अंमलबजावणी २० मार्च २०२० ला. लोक म्हणाले, कायद्याच्या पळवाटा. पळवाटा वापरल्या हे खरं. पण २०१७ नंतर कितीतरी काळ यंत्रणेनेच फाईल पुढे सरकवली नव्हती, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यावर बोट ठेवलं होतं. पळवाट सगळ्यांना दिसली, झोप कुणाला दिसली नाही.

तर मग मागायचं काय? "लटकवा" ही मागणी करायला सोपी, कारण तिला पैसे लागत नाहीत. माझ्या मागण्या कंटाळवाण्या आहेत.

पहिली. सहा महिने म्हणजे सहा महिने. त्यासाठी न्यायाधीश लागतात. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदं ९४ आहेत, ती भरलेली असायला हवीत. खालच्या कोर्टातल्या साक्षी मराठीत, वरचं कामकाज इंग्रजीत. भाषांतर होऊन कागदपत्रांचा गठ्ठा बांधला जाईपर्यंत सुनावणी उभी राहत नाही. त्याला टायपिस्ट लागतात, भाषांतरकार लागतात. यासाठी मेणबत्ती मोर्चा निघालेला मी तरी पाहिलेला नाही.

दुसरी. दर पायरीला त्या मुलीला कळवा. अपील दाखल झालं, जामीन मागितला, जामीन मिळाला, तारीख पडली. पोक्सोच्या केसमध्ये मुलीच्या बाजूला जामिनाची वगैरे खबर द्यायलाच हवी, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावलेलं आहे. हुकूम आहे, पण तो खेड्यातल्या तात्यांच्या दारापर्यंत पोचायला हवा ना? दूधवाल्याला साठ रुपये दिले तर माझी बँक मला दोन मेसेज पाठवते. हे तंत्रज्ञान अवघड नाही हो, मी वीस वर्षं याच धंद्यात आहे.

तिसरी. शिक्षा कमी वाटली तर ती वाढवून मागायचा हक्क त्या मुलीला नाही, तो फक्त सरकारला आहे. आरोपी सुटला किंवा हलक्या गुन्ह्याखाली दोषी ठरला तर ती अपील करू शकते, हा हक्क २००९ च्या दुरुस्तीने आला. पण शिक्षेचं माप कमी पडलं तर तिने सरकारच्या मर्जीची वाट बघायची. आरोपीचं अपील काढून घेण्यापेक्षा तिलाही ते द्या की! दोघांनाही द्या आणि दोघांचंही वेळेत ऐका.

जाता जाता एक कामाची गोष्ट. बाई किंवा मूल असेल तर उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा आहे, जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं. हे तात्यांना सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, शोधल्यावर कळलं. आता त्यांच्यासाठी अर्ज केलाय. अपील लवकर ऐकावं आणि ऐकताना मुलीचंही ऐकावं, एवढंच मागणं आहे. तो दोषी ठरेल याची मला खात्री वाटते. पण माझ्या खात्रीवर कुणाला आत टाकू नये, हेही आता कळलंय.

परवा तात्यांना फोन केला आणि हे सहा महिन्यांचं कलम सांगितलं. त्यांना आधी पटेना. कलमाचा नंबर लिहून घेतला, पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

"बरं," म्हणाले, "त्ये सा म्हैनं कवापास्नं मोजायचं, तेवढं इचारून ठिव."